पौर्णिमेच्या चांदण्यात उल्का बघायच्या असतील तर

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की २०२४ ला दत्तजयंतीच्या रात्री, म्हणजे १४ डिसेंबरला, तुम्ही विट्याकडच्या तुमच्या शाळेची आठवी-नववीची पंचवीसेक पोरं घेऊन गावामागच्या टेकडीवर गेलात, रात्री आठ ते दहा बसलात, दोन तासात सगळ्यांच्या मिळून चार उल्का झाल्या, पोरं हिरमुसून घरी गेली, आणि आता २०२७ ला जेमिनिड, म्हणजे हाच डिसेंबरातला उल्कावर्षाव, परत पौर्णिमेलाच चिकटून येतोय तर पोरांना न्यायचं का सरळ सोडून द्यायचं. सगळीकडे वाचलंत की चंद्र असला की वर्षाव "वाया जातो".

न्यायचं. नक्की न्यायचं. पण तशाच पद्धतीने परत नेलंत तर परत चारच दिसतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी साताऱ्यात राहतो, २००१ च्या लिओनिड वर्षावापासून उल्का मोजतोय, आणि मोजणाऱ्याच्या नशिबात चांदणं येतंच, महिन्यातल्या निम्म्या रात्री कुठल्या तरी वेळी चंद्र आडवा येतो, त्यामुळे चांदण्यात कसं बसायचं हे हळूहळू शिकत गेलो. माझं स्पष्ट मत असं झालंय की चंद्राच्या नावावर जेवढं खपवलं जातं त्यातलं निम्मं तरी वेळेचं, दिशेचं आणि हवेतल्या धुराचं असतं. तुमच्या त्या चार उल्कांमध्ये हे सगळं एकत्र झालं होतं.

पहिलं म्हणजे रात्रच चुकली. २०२४ ला जेमिनिडचा सगळ्यात दाट भाग आपल्याकडे १४ तारखेला सकाळी साडेसहाच्या आसपास येऊन गेला. म्हणजे बसायचं होतं १३ च्या रात्री, झोपून उठून १४ च्या पहाटे. पेपरात "१४ डिसेंबरला उल्कावर्षाव" छापून येतं आणि माणूस १४ च्या संध्याकाळी बाहेर पडतो, ही चूक इतकी कॉमन आहे की मी आता लोकांना तारीख सांगतच नाही, "अमुक वाराची रात्र संपून तमुक वाराची पहाट" असं सांगतो. जेमिनिड वर चढताना सावकाश चढतो पण शिखर ओलांडलं की भराभरा उतरतो, ऑगस्टमधल्या पर्सीड वर्षावासारखा रेंगाळत नाही, त्यामुळे तुम्ही बसलात तेव्हा चौदा-पंधरा तास उलटून गेले होते, ओघ बराच ओसरला होता. आणि गंमत बघा, १४ च्या पहाटे पाचला चंद्र पश्चिमेला पार खाली दहा-बारा अंशावर गेला होता, म्हणजे शिखराच्या जवळची सगळ्यात चांगली वेळ आणि चंद्र टेकायची वेळ एकच होती. दत्तजयंतीचा जन्मकाळ, भजन, प्रसाद झाल्यावर गाव जागं असतं म्हणून तुम्ही ती रात्र धरलीत हे मला समजतं, पंचवीस पालकांची परवानगी काढायची म्हणजे असंच काहीतरी बघावं लागतं.

दुसरं, तास चुकले. जेमिनिडच्या उल्का ज्या बिंदूतून निघाल्यासारख्या वाटतात तो मिथुन राशीत कॅस्टरजवळ आहे, आपल्या पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांपैकी वरचा म्हणजे उत्तरेकडचा. डिसेंबरच्या मध्यावर सातारा-सांगलीकडे हा बिंदू उगवतोच पावणेआठच्या सुमाराला. आठला तो क्षितिजाला चिकटलेला, दहाला कुठे पंचवीस-तीस अंश वर. रात्री अडीचला तो सगळ्यात उंच जातो, पंच्याहत्तर अंशाच्या आसपास, जवळजवळ डोक्यावर. उगमबिंदू खाली असला की त्या ओघातल्या उल्का बहुतेक सगळ्या क्षितिजापलीकडच्या हवेत जळतात, आपल्या वाट्याला फार थोड्या येतात. हिशोब सोपा आहे, उंचीच्या साईनने गुणायचं. आठ ते दहाची सरासरी काढली तर पाव हिस्सा येतो, अडीचला जवळजवळ पूर्ण. म्हणजे चंद्राने काही करायच्या आधीच तुमच्या हातात चौथा हिस्साच होता.

आता चंद्राचं. पोरांना हे फळ्यावर करून दाखवा, आठवीच्या पोराला सहज कळतं. अंधाऱ्या, स्वच्छ आकाशात डोळ्याला साधारण ६.५ प्रतीपर्यंतचे तारे दिसतात (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, आकडा जेवढा मोठा तेवढा तारा फिका). पौर्णिमेचा चंद्र वर असेल आणि हवा चांगली असेल तर ही मर्यादा ४.५ वर येते, हवा खराब असेल तर ४ किंवा त्याच्याही खाली. आणि जेमिनिडमध्ये एका प्रतीने फिक्या उल्का साधारण २.६ पट जास्त असतात, म्हणजे मर्यादा एका प्रतीने खाली आली की दिसणारा आकडा २.६ ने भागायचा. दोन प्रती गेल्या म्हणजे २.६ गुणिले २.६, पावणेसात. जेमिनिडचा आदर्श दर तासाला दीडशेच्या आसपास धरतात, आदर्श म्हणजे बिंदू डोक्यावर आणि आकाश पूर्ण अंधारं. त्याला पावणेसातने भागलं की पहाटे तीनच्या सुमाराला एका माणसाला तासाला वीसेक. मर्यादा ४ ला आली तर भागाकार अकराच्या जवळ जातो आणि तेरा-चौदा राहतात. आता तुमचं घ्या, ओसरलेला ओघ निम्म्याच्याही खाली, त्याचा पाव हिस्सा, त्याला अकराने भागा, तासाला एक-दीड येते. दोन तासात तीन, आणि इकडून तिकडून भटकी, म्हणजे ह्या वर्षावातली नसलेली, एखादी. चार! तुमच्या पोरांनी बरोबर मोजलं होतं मॅडम, त्यांना हे आवर्जून सांगा, त्यांचं निरीक्षण चुकलेलं नव्हतं, बसायची वेळ चुकली होती.

आणि तासाला वीस म्हणजे काय ते नीट समजून घ्या. सरासरी तीन मिनिटांना एक, पण त्या अशा मोजून-मापून येत नाहीत, दहा मिनिटं काहीच नाही आणि मग एका मिनिटात तीन असं होतं. शिवाय चांदणं बारीक उल्का गाळून टाकतं त्यामुळे जी दिसते ती ठसठशीत दिसते. जेमिनिड सेकंदाला ३५ किलोमीटर वेगाने येतात, लिओनिडच्या निम्म्या वेगाने, त्यामुळे पोराला "ती बघ" म्हणून बोट करायला वेळ मिळतो. शहरातल्या माणसाने एवढं बघितलेलं नसतं हो.

दिशेची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि ती आपल्या पंचांगातच दडलेली आहे. मार्गशीर्ष नाव का, तर त्या पौर्णिमेला चंद्र मृगशीर्षाच्या आसपास असतो म्हणून. कार्तिकात कृत्तिकांपाशी, मार्गशीर्षात मृगापाशी, पौषात पुष्यापाशी. मृगाला लागूनच मिथुन. म्हणजे जेमिनिडच्या वेळी पौर्णिमा आली की चंद्र उगमबिंदूच्या शेजारीच बसणार, दुसरीकडे जाऊच शकत नाही. २०२४ च्या त्या रात्री तो रोहिणीजवळ गुरूच्या शेजारी होता, तुम्हाला आठवत असेल, पूर्वेला दोघं झकास दिसत होते. आणि सगळी माहितीपत्रकं सांगतात "मिथुन राशीकडे बघा", मग माणूस नेमका चंद्राकडे तोंड करून बसतो! उल्का उगमबिंदूत दिसत नाहीत, त्या बिंदूपासून लांब फेकल्यासारख्या सगळ्या आकाशात दिसतात, बिंदूच्या जवळच्या तर अगदी तोकड्या असतात कारण त्या आपल्या दिशेने येत असतात. लांबलचक रेघ बघायची तर बिंदूपासून पन्नास-साठ अंश किंवा त्याहून लांबच बघायला पाहिजे. चांदण्या रात्री आकाशाचा सगळ्यात गडद भाग चंद्रापासून साधारण ९० अंशावर असतो, हवेचे रेणू प्रकाश पुढे आणि मागे जास्त फेकतात आणि आडवा कमी, म्हणून. तेव्हा नियम एकच, चंद्र पाठीला, आणि नजर त्याच्यापासून काटकोनात. रात्रभर एकाच बाजूला तोंड करून बसायचं नाही, चंद्र सरकला की सतरंजी फिरवायची.

आता हवा. ह्यावर मी जास्त लिहिणार कारण आपल्या भागात हाच खरा घोळ आहे. चंद्राचा उजेड कमी-जास्त करणं आपल्या हातात नाही, पण तो उजेड आकाशात पसरवतं कोण तर हवेतली धूळ, धूर आणि बाष्प. डिसेंबर म्हणजे गळीत हंगाम ऐन भरात. कारखान्यांची धुराडी चालू, गुऱ्हाळं चालू, तोडणी झालेल्या फडात पाचट पेटवलेलं, आणि थंडीमुळे हा सगळा धूर वर जायचं सोडून कृष्णाकाठावर चादरीसारखा पसरून राहतो. पहाटे त्यात नदीचं धुकं मिसळतं. २००८ ला, म्हणजे १२ डिसेंबरची पौर्णिमा आणि लगेच जेमिनिड, मी कराडच्या खाली नदीकाठच्या एका मळ्यात बसलो होतो, ओळखीचं रान, विहिरीवर चहाची सोय, सगळं छान, आणि पहाटे तीनला असं धुकं चढलं की चंद्र सोडून आकाशात काही उरलं नाही, तो चंद्र पण दुधात पडल्यासारखा. त्या रात्रीपासून थंडीत नदीकाठ सोडला. कृष्णा, कोयना, वारणा, येरळा, कुठलीच नदी नको आणि उसाचा पट्टा पण नको.

हवा तपासायची एक युक्ती आहे, ती रात्र सुरू होतानाच करायची. विजेच्या खांबाआड किंवा घराच्या कोपऱ्याआड चंद्राची तबकडी नेमकी झाकायची आणि त्याच्या कडेचं आकाश बघायचं. अगदी कडेपर्यंत गडद निळं-काळं दिसलं तर हवा उत्तम, बसा. चंद्राभोवती मोठं पांढुरकं तेज दिसलं तर धूर किंवा बाष्प आहे. आणि खळं पडलेलं दिसलं तर वर पातळ ढग आहेत, पोरांना झोपू द्या. ही एक टेस्ट मी कुठल्याही ॲपपेक्षा जास्त मानतो.

मग उलटा फायदा बघा, तुम्ही दुष्काळी पट्ट्यात राहता! खानापूर, आटपाडी, जत, आमच्याकडे माण, खटाव. पाऊस नाही म्हणून जन्मभर बोलणी खाल्लेला हा भाग डिसेंबरच्या पहाटे आकाशासाठी सोन्यासारखा आहे, कोरडी हवा, उंच माळ, उसापासून लांब. आटपाडीकडच्या माळावरचं पौर्णिमेचं आकाश मला कृष्णाकाठच्या अमावास्येपेक्षा चांगलं मिळालंय, हे मी अनुभवाने सांगतो. लोकं विचारतात कासला जाऊ का, चाळकेवाडीला जाऊ का. अमावास्येला जरूर लांब जा, तेव्हा गावाचे दिवे सुटल्याचा फरक पडतो, पण पौर्णिमेला चंद्रानेच आकाश उजळलेलं असतं तेव्हा पन्नास किलोमीटर गाडी हाणून दिव्यांपासून लांब गेल्याने फारसं काही हाती लागत नाही, पाहिजे ती फक्त कोरडी हवा. कासला तर रात्रीचं पठारावर जाऊच नका, वनखात्याची हद्द आहे आणि आडव्या पडलेल्या माणसाखाली ती नाजूक झाडं चिरडतात, शिवाय गवे असतात.

२०१६ ला तर कमालच होती, पौर्णिमा आणि जेमिनिडचं शिखर दोन्ही १४ डिसेंबरच्या पहाटे साडेपाचच्या आसपास, अगदी एकाच वेळी. ह्याच्यापेक्षा वाईट योग कागदावर मांडता येणार नाही. मी माणमध्ये एका मित्राच्या वस्तीवर होतो, घोंगडं अंगावर, पाठ चंद्राकडे, तीन ते साडेपाच. अडीच तासात एक्केचाळीस. त्यातली एक पूर्वेकडे गेली ती शुक्राच्या दुप्पट-तिप्पट तरी तेजस्वी असेल, हिरवट, आणि वस्तीवरच्या आजीबाई शेकोटीशी बसल्या होत्या त्या "अगं बाई तारा तुटला" म्हणून उभ्याच राहिल्या. त्या रात्रीनंतर पौर्णिमा आहे म्हणून मी कधी घरात बसलो नाही.

आता २०२७. पौर्णिमा १३ डिसेंबरला रात्री, आणि जेमिनिडचं शिखर आपल्याकडे १४ च्या रात्री, म्हणजे मध्यरात्रीनंतर १५ तारीख लागल्यावर एक-दीडच्या सुमाराला. वेळ म्हणून ही भारताला फार छान आहे, बिंदू उंच असतानाच शिखर. अजून एक गोष्ट बाजूने आहे, ह्या प्रवाहात बारीक कण आधी येतात आणि मोठे नंतर, त्यामुळे शिखराच्या वेळी आणि त्यानंतरच्या काही तासात तेजस्वी उल्कांचं प्रमाण जास्त असतं, आणि चांदण्यात आपल्याला त्याच पाहिजेत. पण एक अडचण पण आहे. चंद्र पौर्णिमेच्या पुढे एक दिवस सरकलेला, म्हणजे थेट मिथुन राशीतच, बिंदूपासून फार लांब नाही, आणि २०२४ सारखा तो पहाटे मावळतीला टेकणार नाही. चारला तो पश्चिमेकडे अजून पंचावन्नेक अंशावर असेल, साडेचारला पन्नासच्या आसपास. संध्याकाळी अंधार पडायच्या आतच तो उगवलेला असेल, त्यामुळे बिनचंद्राची वेळ कुठलीच नाही. मध्यरात्रीनंतर एक-दोनला तो डोक्यावर, तेव्हा कुठेही तोंड केलं तरी चेहऱ्यावर उजेड, पोरांना तेव्हा उठवू नका.

माझा सल्ला, पोरांना शाळेतच मुक्कामाला ठेवा, दहाला झोपवा, तीनला उठवा आणि साडेतीन ते साडेपाच बसवा. साडेपाचनंतर झुंजुमुंजू व्हायला लागतं. आणि टेकडीवर जायची गरजच नाही, शाळेची इमारत हेच तुमचं सगळ्यात मोठं साधन. चंद्र पश्चिमेला म्हणजे इमारतीच्या पूर्व बाजूला तिची सावली पडणार. बारा फूट उंच भिंत असेल तर साडेचारला सावली भिंतीपासून दहा फुटांपर्यंत येते, त्या पट्ट्यात सतरंज्या टाकायच्या, डोकी भिंतीकडे, पाय पूर्वेला. सुरुवातीच्या तासात सावली अजून आखूड असेल, पोरं भिंतीला चिकटून बसतील, चालतंय. चंद्र स्वतः दिसत नाही आणि अंगावर उजेड नाही ह्याने डोळ्यांना जो आराम पडतो तो तिथे बसल्यावरच कळतो. नजर कुठे, तर पूर्व आणि ईशान्येच्या मध्ये, क्षितिजापासून चाळीसेक अंश. त्या वेळी तिथे वर उत्तरा फाल्गुनी म्हणजे सिंहाच्या शेपटीचा तारा, डाव्या हाताला सप्तर्षी उभे राहिलेले, खाली स्वाती आणि चित्रा नुकतेच वर आलेले. सप्तर्षी आणि सिंहाचं शेपूट ह्यांच्या मधली मोकळी जागा धरा, ती चंद्रापासून जवळपास काटकोनात येते.

भिंतीवर ट्यूब असेल तर बंद, आणि गेटसमोरचा खांबावरचा एलईडी ग्रामपंचायतीला दोन दिवस आधी अर्ज देऊन दोन तास बंद करून घ्या, ते करतात. एक एलईडी डोळ्यासमोर असला तर त्याचा त्रास चंद्राहून जास्त. शिराळा-कराडकडचं कोणी हे वाचत असेल तर उसाच्या कडेला पोरांना आडवं टाकू नका, बिबट्या आहे, आवारातच बसवा. मोबाईल सगळे जमा करून एका पिशवीत. चांदण्यात डोळे पूर्ण अंधारासारखे तयार होत नाहीत हे खरं, पण वीस मिनिटांत बरेच होतात, आणि एका पोराने स्क्रीन लावली की आजूबाजूच्या चौघांची वीस मिनिटं गेली.

बसल्या बसल्या मर्यादा काढायला शिकवा. परदेशी पुस्तकात ध्रुवमत्स्यातले तारे मोजायला सांगतात, ते इथे उपयोगाचं नाही, ध्रुव आपल्याकडे जेमतेम साडेसतरा-अठरा अंशावर, धुरकट थरात. आपल्याकडे वसिष्ठ-अरुंधती घ्या. वसिष्ठ २.२ प्रतीचा, अरुंधती ४ ची. लग्नात नवरीला दाखवतात तीच, पोरांना लगेच लक्षात राहते. सप्तर्षी बऱ्यापैकी वर आल्यावर अरुंधती सहज वेगळी दिसली तर मर्यादा ४ च्या पुढे आहे, डोळे ताणूनही दिसत नसेल तर रात्र वाईट आहे आणि आकडा कमी येणार हे आधीच वहीत लिहून ठेवायचं. संध्याकाळच्या वर्षावांना कृत्तिका चालतात, सहा दिसल्या तर ४.३ च्या आसपास मर्यादा, पण मार्गशीर्ष पौर्णिमेला चंद्रच तिकडे असतो म्हणून नको.

मोजणी प्रत्येकाची वेगळी ठेवा. पंचवीस पोरांची बेरीज करून "आम्ही शंभर पाहिल्या" असं होतं, त्याला अर्थ नाही, एकच उल्का दहा जणांनी मोजलेली असते. पाच पोरं मोजणारी, बाकीची बघणारी, आणि दर वीस मिनिटांनी पाळी बदलायची. मोजणाऱ्याने फक्त तीन गोष्टी बोलायच्या, मिथुनातली का भटकी, किती तेजस्वी, काही खास. रेघ मागे ओढली तर ती कॅस्टरकडे जाते का बघायचं, चंद्र तिथेच असल्याने दिशा धरायला उलट सोपं. तेजासाठी मघा, स्वाती, व्याध ह्यांच्याशी तुलना. मघा १.४, स्वाती जवळजवळ शून्य, व्याध उणे दीड. एका फोनवर रेकॉर्डिंग चालू करून तो पालथा ठेवायचा, कागद-बॅटरीच्या भानगडीत पडायचं नाही. शास्त्रीय नोंदीसाठी पाठवायचं असेल तर मर्यादा ५ च्या खाली गेली की भागाकार एवढा मोठा होतो की दोन-चार उल्कांच्या फरकाने उत्तर कुठल्या कुठे जातं, त्यामुळे चांदण्यातल्या मोजणीतून दर काढायचा हट्ट नको, किती तेजस्वी किती फिक्या ही यादी मात्र कामाची असते.

फोटोचं विचारलंय म्हणून सांगतो. सगळे अंधाऱ्या रात्रीची सेटिंग लावतात, पंचवीस-तीस सेकंद, आणि पांढरंफटक चित्र येतं, मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, खाली आणतात आणि उल्का गायब. उल्का सेकंदभराच्या आत निघून जाते, तिचा ठसा किती उमटणार हे लेन्सचं तोंड आणि आयएसओ ह्यावर ठरतं, शटर किती वेळ उघडं ह्याच्याशी तिचा संबंध नाही. आकाशाचा उजेड मात्र वेळेबरोबर साचत जातो. म्हणून चांदण्यात कमी करायचं ते शटर. रुंद लेन्स, पूर्ण उघडी, एफ २.८ असेल तर आयएसओ ८०० ते १६००, आठ-दहा सेकंद, आणि न थांबता एकामागून एक, दोन तासात सात-आठशे फोटो. त्यातल्या पाच-सहात सापडल्या तर रात्र चांगली गेली. चांदण्याने शाळा, झाडं, मागचा डोंगर असा उजळून येतो की ते चित्र अंधारात मिळतच नाही.

एखादा इलेक्ट्रॉनिक्समधला माजी विद्यार्थी असेल तर रेडिओचा प्रयोग पण करून बघा, उल्केची जळती वाट काही क्षण रेडिओलहरी परतवते, त्यामुळे क्षितिजापलीकडचं, हजारेक किलोमीटर लांबचं एफएम स्टेशन रिकाम्या जागी अचानक सेकंदभर ऐकू येतं. त्याला चंद्र, ढग, दिवस कशाचीच अडचण नाही, फक्त छतावर दिशादर्शक अँटेना पाहिजे आणि तुमच्या गावात खरोखर रिकामी फ्रिक्वेन्सी सापडली पाहिजे.

बाकीच्या वर्षावांचं थोडक्यात. सगळेच चांदण्यात बसण्याच्या लायकीचे नाहीत. ओरायनिड आणि लायरिड तासाला वीसच्या आसपासचे, पौर्णिमेला दोन-तीन उरतात, पोरांना नेऊ नका. पर्सीड ऑगस्टमध्ये, आपल्याकडे तेव्हा ढग, चंद्राचा विचार करायची वेळच येत नाही. टॉरिड नोव्हेंबरच्या सुरुवातीला, आकडा लहान पण सावकाश जाणारे मोठे अग्निगोल, २००५ आणि २०१५ ला छान आले होते, असे गोल चांदण्याला भीक घालत नाहीत. लिओनिडचं २००२ चं वादळ तर पौर्णिमेच्या आदल्या रात्री आलं आणि युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी ते भरचांदण्यात मोजलं. अर्ध्या चंद्राला तर घाबरूच नका, अष्टमीचा चंद्र पौर्णिमेच्या निम्मा नाही, साधारण दहावा हिस्साच उजेड देतो, शुद्ध अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो आणि वद्य अष्टमीचा मध्यरात्रीच उगवतो. संकष्टीचा चंद्रोदय कालनिर्णयात छापलेलाच असतो, तिथून पुढे रोज पन्नासेक मिनिटं उशीर धरत जा, वर्षभराचा अंदाज घरबसल्या निघतो.

एक करा, २०२७ ची वाट बघत बसू नका. २०२६ ला अमावास्या ९ डिसेंबरला आहे, १४ च्या रात्री चंद्र कोवळा, दहा-साडेदहाला मावळून जाईल, आणि त्या वर्षीचं शिखर १४ च्याच संध्याकाळी साडेसातच्या आसपास. तेव्हा ह्याच पोरांना ह्याच भिंतीखाली १५ च्या पहाटे साडेतीन ते साडेपाच बसवा, ह्याच दिशेला, ह्याच पद्धतीने मोजा, फक्त चंद्राशिवाय. अरुंधती, मर्यादा, तेजाची यादी सगळं वहीत. आदली पोरं दहावीला गेली असतील तरी २०२७ ला त्यांना बोलवा, आणि दोन्ही वर्षांच्या वह्या शेजारी ठेवून चंद्राने किती प्रतीपर्यंतच्या उल्का खाल्ल्या ते त्यांनाच काढू दे. शिखरापासून किती तास पुढे बसलो हे दोन वर्षांना सारखं नाही, तेवढं कोपऱ्यात लिहून ठेवा. घोंगडी कमी पडली तर कळवा, म्हसवडकडून मागवून देतो.